ठिकाण : खिंड

५ जून

धाकट्या,

मे महिन्याचा पावसाचा तक्ता सोबत टाचला आहे. फोन केला की तू बैठकीत असतोस, म्हणून लिहिते. तक्त्याला टाचलेला कागद तरी तुझ्या टेबलावर येतो.

परवा, तीन तारखेला, ओढ्याला पूर आला. पाऊस नव्हता. मी विश्रामगृहाच्या मागे चादरी वाळत घालत होते. बारा चादरी होत्या आणि ऊन चांगलं होतं. खिंडीवर तेवढा काळा ढग होता, सकाळपासून तिथेच. आधी उकरलेल्या मातीचा वास आला. मग ट्रकमधून दगड ओतावेत तसा आवाज, फक्त तो थांबत नव्हता. पाणी पुलाच्या कठड्याला लागलं आणि अर्ध्या तासात उतरलं. मी परत आले तेव्हा चादरी वाळल्या होत्या.

खालच्या ओळीतल्या अकरा घरांत कमरेएवढा गाळ आहे. भरदुपार होती, सगळे जागे होते, म्हणून माणसं वाचली. घड्याळवाला म्हातारीला, त्याच्या आईला, पाठीवर घेऊन पायऱ्या चढला. त्याच्या दुकानात भिंतीवरची घड्याळं राहिली, बाकी सगळं गेलं. वर येऊन दम खात म्हणाला, धाकट्याला कळव, त्याचा ओढा मला भेटायला आला होता, मी घरी नव्हतो.

ती ओळ तुझ्या अहवालानंतर झाली हे तुला सांगायला नको. तू पूररेषा खाली आणलीस, म्हणून तिथे बांधायला परवानगी मिळाली. आता रेषा वर न्यायला हवी आणि त्या अकरा घरांना माळावर जागा द्यायला हवी. समिती नेमली आहे. ती तुझ्या विभागाला विचारणार आहे. तू सांग.

खिंडीचा तीन तारखेचा आकडा सहा मिलिमीटर आहे. पुढच्या तक्त्यात येईलच.

ताई


१६ जून

ताई,

पत्र वाचून वाईट वाटलं. घड्याळवाल्याला नमस्कार सांग. गाळातून त्याची जीभ मात्र सुखरूप निघालेली दिसते.

पाऊस नसताना पूर कसा, असं तुला वाटतं. आपल्यासारख्या दरीत तो तसाच येतो. दक्षिणेकडचा दमट वारा दरीत शिरतो. दरी पुढे अरुंद होत जाते, वाऱ्याला बाजूला सरकायला जागा उरत नाही, म्हणून तो डोंगर चढतो. वर गार होतो आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं. पाऊस पडला की गार हवा उतारावरून खाली घसरते. ती जड असते, जमिनीला धरून राहते. मागून येणारा दमट वारा तिच्यावर चढतो आणि पुन्हा त्याच जागी ढग होतो. पहिला पुढे सरकतो, दुसरा तिथेच उभा राहतो. वारा वळेपर्यंत हे चालू असतं. सगळं पाणी खिंडीत पडतं आणि खाली गावात ऊन असतं. नवीन भरती झालेल्यांना मी हे फळ्यावर काढून दाखवतो. दरी आपलीच काढतो, नाव न घेता.

पण तीन तारखेला असं झालेलं नाही. खिंडीचा आकडा सहा आहे. सहा मिलिमीटरने पुलापर्यंत पाणी येत नाही. वर कुठेतरी झाडं अडकून पाणी तुंबलं असेल आणि ते फुटलं असेल. असं क्वचित होतं.

बाबांनी वीस वर्षं लिहिलेले आकडे आणि नंतरच्या चौदा वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, तर खिंडीचा पाऊस निम्म्याहून कमी झालेला दिसतो. माझा अहवाल याच घसरणीवर उभा आहे, आणि अहवालानंतरचे आकडेही तसेच आहेत. रेषा आकड्यांवरून आखतात, गाळावरून नाही. समितीला मी हेच सांगेन. दुसरं काही सांगायला माझ्याकडे पुरावा नाही.

विभागप्रमुख निवृत्त होत आहेत. तात्पुरता पदभार माझ्याकडे येईल असं दिसतं. बाबा असते तर बरं वाटलं असतं.

धाकटा


१ जुलै

धाकट्या,

जूनचा तक्ता सोबत आहे. चोवीस तारखेला पुन्हा पूर आला आणि सत्तावीसला पुन्हा. चोवीसचा आकडा अकरा, सत्तावीसचा आठ. एका महिन्यात तीनदा झाडं अडकली असं मी खालच्या ओळीत सांगून पाहिलं. घड्याळवाला म्हणाला, मग जंगलात आता एकही झाड उरलं नसणार, आपण निर्धास्त झोपू. लोक हसले. मी पण हसले आणि घरी येऊन मला बरं वाटेना.

एक विचारते. समजा, पाऊस मोजायचा मापक जिथे असायला हवा तिथे नसेल, तर तुझ्या अहवालाचं काय होतं? मी फक्त समजा म्हणते आहे.

समिती येऊन गेली. चार माणसं होती, बुटांना गाळ लागू नये म्हणून पुलावरूनच पाहिलं. विश्रामगृहात जेवली. त्यांच्या चादरी मीच धुतल्या. वीस ऑगस्टला सुनावणी आहे. तोपर्यंत ओळीतल्या लोकांनी तिथेच राहायचं आहे.

म्हातारीला आता पायऱ्या चढवत नाहीत. ती दारात खुर्ची टाकून ओढ्याकडे बघत बसते. मुलगा म्हणतो, तिला पहारेकरी नेमलं आहे.

ताई


९ जुलै

ताई,

समजा हा शब्द आमच्याकडे चालत नाही. मापक हलवायचा तर अर्ज करावा लागतो, तपासनीस येतो, जुन्या आणि नव्या जागी वर्षभर बरोबरीने नोंदी घेतात. असा अर्ज दप्तरात नाही. म्हणजे मापक खिंडीत आहे.

आणि असलं काही तक्त्याला टाचून पाठवत जाऊ नकोस. टपाल आमचा कारकून उघडतो. लिहायचंच असेल तर घरच्या पत्त्यावर लिही.

पदभार एक तारखेपासून माझ्याकडे आला आहे. काम फार आहे.

धाकटा


१९ जुलै

धाकट्या,

हे घरच्या पत्त्यावर लिहिते आहे.

मापक चौदा वर्षं आपल्या परसात होता. खिंडीतली चौकी बंद झाल्यावर बाबा रोज पहाटे दोन तास चढून जायचे, साडेआठचा आकडा घ्यायचे आणि उतरायचे. त्या हिवाळ्यात ते वरच्या वळणावर पडले. गुडघे गेले. मी म्हटलं, कळवून टाका, केंद्र बंद करतील. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गावात त्यांना पाऊसमास्तर म्हणायचे, दुसरं नाव कुणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, टोपली घे. नरसाळं त्यांनी धरलं, बाकी मी उचललं. उतरताना नरसाळ्याचा सांधा सुटला, तो घड्याळवाल्याने कथलाचा डाक देऊन जोडला. तेव्हा तो वर, बाजारात राहायचा. म्हणाला होता, पाऊस आता घरबसल्या पडणार, मजा आहे मास्तरांची.

तक्ता छापील असतो. ठिकाण : खिंड, हे आधीच छापलेलं असतं. बाबांनी ते कधी खोडलं नाही. ते गेल्यावर दोन वर्षं मीही खोडलं नाही. तपासनीस यायचे ते विश्रामगृहात चहा घेऊन सही करून जायचे. मापक उतरवला तेव्हा तू परीक्षेच्या धांदलीत होतास.

तुझा अहवाल आला तेव्हा बाबांनी तो तीनदा वाचला. पाऊस निम्म्यावर आला, या वाक्याखाली त्यांनी पेन्सिलने रेघ ओढली. कुणाला काही बोलले नाहीत. मी पण नाही. मुलाने नाव काढलं, असं लोक म्हणत होते.

आता ऐक. पंधरा तारखेला मी आणि घड्याळवाला मापक घेऊन खिंडीत गेलो. जुना चौथरा आहे, कुंपण गंजलं आहे. मापक तिथे बसवला. परसात जुन्या जागी जॅमचा डबा ठेवला, तळ सपाट असलेला, पट्टी लावून मोजता येईल असा. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत एकशे अठरा मिलिमीटर. परसात नऊ.

मी वर थांबून पाहिलं. तू लिहिलं होतंस तसंच होतं. पाऊस पडला की पायाशी गार वारा सुटायचा, उताराने खाली जायचा, आणि जरा वेळाने खालून वाफारा येऊन त्याच खडकावर ढग उभा राहायचा. घड्याळवाल्याने वेळ धरली. दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी एक. म्हणाला, माझ्या दुकानातल्या कुठल्याही घड्याळापेक्षा बरं चालतं.

हे आकडे मी जुलैच्या तक्त्यात लिहिणार आहे. रोज चढून घेते आहे. तू समितीला सांग, की चौदा वर्षांचे आकडे परसातले आहेत. बाबांवर ढकल, माझ्यावर ढकल. खालच्या ओळीत अडतीस माणसं आहेत.

ताई


२७ जुलै

ताई,

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला. मला हे कधीच माहीत नव्हतं. असतं, तर मी तो अहवाल लिहिला असता का?

दोन दिवस विचार केला. माझं एवढंच म्हणणं आहे की सुनावणी होईपर्यंत थांब. वीस ऑगस्टच्या आत हे बाहेर आलं, तर आधी बाबांचं नाव निघेल, सगळ्या वर्तमानपत्रांत. बत्तीस वर्षं मान देऊन लोकांनी ज्यांना पाऊसमास्तर म्हटलं, त्यांना लबाड म्हणतील. तुला ते बघवेल का? एकदा मी कायम झालो, की वर्षभरात फेरतपासणी लावून रेषा गुपचूप वर नेता येईल. हे माझ्या हातात असेल. आत्ता नाही.

जुलैच्या तक्त्यात पूर्वीसारखेच आकडे भर. डब्यातले भर. ते खोटे नाहीत, पाऊस तेवढाच पडला आहे तिथे.

हे पत्र वाचून झालं की ठेवू नकोस.

धाकटा


२ ऑगस्ट

धाकट्या,

जुलैचा तक्ता सोबत आहे. पंधरा तारखेपर्यंतचे आकडे खोडून शेऱ्यात परस असं लिहिलं आहे. पुढचे खिंडीतले आहेत. कार्यालयाच्या पत्त्यावरच पाठवते आहे. कारकुनाला वाचू दे.

मापक खाली आणला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तू मुलाखत देऊन घरी आला होतास. परसात आंघोळ केलीस आणि ओला पंचा मापकाच्या कुंपणावर टाकलास. मी ओरडले, की थेंब आत जातील. तू पंचा उचललास, नरसाळ्यात डोकावलास आणि बाबांना विचारलंस, हा इथे कसा? बाबा म्हणाले, गुडघे. तू हसलास. म्हणालास, माझ्या अर्जात वडील खिंडीतले निरीक्षक आहेत असं लिहिलंय, तेवढं सांभाळा. पाच वर्षांनी तू अहवाल लिहिलास.

मागच्या पत्रात हे मी मुद्दाम लिहिलं नाही. तू आपणहून लिहिशील असं वाटलं.

पत्र ठेवू नकोस म्हणालास. ते तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे.

शाळेच्या बाईंनी पावसाळी सुट्टी संपेपर्यंत दोन खोल्या दिल्या आहेत. आठवड्यापूर्वी अकराही घरं वर आली. मीच सांगितलं सगळ्यांना, मापक कुठे होता ते. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. घड्याळवाला एवढंच म्हणाला, मी डाक दिला तेव्हा मला माहीतच होतं, आणि तरी मी खाली घर बांधलं. कारण कागदावर धाकट्याची सही होती. मग म्हातारीला खुर्चीसकट उचलून निघाला.

सुनावणीला मी येते.

ताई


११ ऑगस्ट

प्रति,
निरीक्षक, खिंड केंद्र

विषय : जुलै महिन्याच्या पर्जन्यनोंदी

१. आपल्याकडील जुलै महिन्याच्या उत्तरार्धातील नोंदी दीर्घकालीन सरासरीशी पूर्णतः विसंगत आहेत. आपण प्रशिक्षित निरीक्षक नसल्याने या नोंदी संशयास्पद मानून रद्द करण्यात येत आहेत.

२. मापक विनापरवानगी हलविल्याचे आपण स्वतः शेऱ्यात नमूद केले आहे. सबब आपणांस निरीक्षक पदावरून मुक्त करण्यात येत आहे. मापक व मापनपात्र व्यवस्थित बांधून या कार्यालयाकडे तात्काळ परत पाठवावे.

३. विद्यमान पूररेषेत बदल करण्याचे कारण दिसून येत नाही. रेषेबाहेरील घरे राहण्यास सुरक्षित आहेत. या पत्राची प्रत स्थानिक शाळा व समिती यांना माहितीसाठी पाठविली आहे.

प्रभारी विभागप्रमुख

(खाली हाताने लिहिलेलं)

ताई, हे तात्पुरतं आहे. मला दुसरा मार्ग ठेवला नाहीस. रागावू नकोस.


२२ ऑगस्ट

ताई,

तीन दिवस फोन लागत नाही. तू बरी आहेस ना? घर वर आहे म्हणून तेवढा धीर आहे. बातम्यांत पूल दाखवतात, म्हणजे पुलाची जागा दाखवतात. बसस्टँडवर जाऊन आलो, गाड्या बंद आहेत. हे पत्र मदतीच्या गाडीबरोबर देतो आहे.

सुनावणी पुढे ढकलली आहे. वरून सारखी विचारणा होते आहे, की एकोणीस तारखेला खिंडीत किती पाऊस झाला. दुसरं केंद्र त्या भागात नाही. तू रोज चढत होतीस, त्या दिवशीही गेली असशील. आकडा तातडीने पाठव. याच गाडीने उलट दे. आता मी तो मान्य करून घेईन, रद्द केलेलेही परत घेता येतील. शपथेवर सांगतो.

घड्याळवाला कसा आहे?

धाकटा


२९ ऑगस्ट

माननीय प्रभारी विभागप्रमुख,

आपलं बावीस तारखेचं पत्र मिळालं. मी बरी आहे.

आपलं अकरा तारखेचं पत्र इथे चौदाला पोचलं. प्रत शाळेतही आली. सोमवारी शाळा उघडायची होती. बाईंनी ती प्रत लोकांना दाखवली आणि म्हणाल्या, आता मी तुम्हाला कशाच्या जोरावर ठेवून घेऊ? घड्याळवाल्याने शाळेच्या पायरीवर उभं राहून ती सगळ्यांना वाचून दाखवली, विषयापासून सहीपर्यंत. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, सही ओळखीची आहे, चला. सोळा तारखेला अकराही घरं खाली गेली.

सतरा तारखेला आपल्या आदेशाप्रमाणे मापक खिंडीतून काढला. घड्याळवाला सोबत होता. नरसाळ्याचा सांधा पुन्हा हलत होता. सरकारी वस्तू गळकी परत करायची नाही, असं म्हणून तो मापक दुकानात घेऊन गेला. डाक देऊन खोक्यात बांधून देणार होता.

एकोणीसला खाली ऊन होतं. खिंडीवर सकाळी ढग उभा राहिला. तो गेला, त्याच जागी दुसरा. मी परसातून मोजत होते. पाचवा उभा राहिला तेव्हा खालच्या ओळीत गेले आणि दारोदार सांगितलं, की निघा. बरेच लोक निघाले. काहींनी कागदाचं नाव काढलं. घड्याळवाला दुकानात होता. त्याने मान वर न करता विचारलं,

"आकडा किती?"

"मापक तुझ्या टेबलावर आहे," मी म्हणाले.

तो हसला. मग उठला आणि म्हातारीला आणायला आत गेला. मी दोन घरं पुढे होते. वास आला तेव्हा मी पायऱ्यांकडे पळाले. मागे वळून पाहिलं नाही, हेही लिहून ठेवते.

अकरापैकी आठ घरं राहिली नाहीत. माणसं सात. म्हातारी तिसऱ्या दिवशी पुलाच्या जागेखाली सापडली. तो अजून सापडलेला नाही.

ऑगस्टचा तक्ता सोबत आहे. सतरा तारखेपर्यंत खिंडीतले आकडे भरले आहेत. अठरापासून पुढे मापक नव्हता असं लिहिलं आहे. वरून विचारणा करणाऱ्यांना तेवढंच सांगता येईल. परसातल्या डब्यात त्या दिवशी चार मिलिमीटर होतं. ते हवं असेल तर घ्यावं, चौदा वर्षं तेच घेतलं आहे. आपलं सत्तावीस जुलैचं पत्र आणि अकरा ऑगस्टचा कागद मी समितीला पाठवले आहेत. पंच्याचं पण लिहिलं आहे. बाबांचं नाव जे निघायचं ते निघू दे.

मापक दुकानाबरोबर गेला. काचेचं मापनपात्र तेवढं माझ्या स्वयंपाकघरात होतं, उतरताना फुटू नये म्हणून मी ते वेगळं आणलं होतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून या गाडीबरोबर पाठवते आहे. धुऊन, पुसून कोरडं केलं आहे.

पोच द्यावी.

माजी निरीक्षक